जोतिबांनी मागितलेला हिशेब



बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले हे तीन गुरू मानले. म्हणून विहाराच्या वर्धापन दिनी आपण जोतिबांच्या तसबिरीलाही हार घालतो. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली, हे आपल्या पोराबाळांनाही पाठ आहे. पण याच माणसाने पुढे सरकारकडे शिक्षणाच्या पैशाचा हिशेब मागितला, ते फारसं कोणी सांगत नाही.

जोतिबांचा जन्म १८२७ चा. लोकांचं ऐकून वडील गोविंदरावांनी त्यांना शाळेतून काढलं नि मळ्यात कामाला लावलं. पुढे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेबांनी वडिलांची समजूत घातली, तेव्हा १८४१ मध्ये जोतिबा मिशनच्या शाळेत गेले. शाळा सुटणं म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं. त्यांनी सावित्रीमाईंना शिकवून शिक्षिका केलं, त्यापायी घर सोडावं लागलं. महार-मांगांच्या मुलांसाठीही त्यांनी शाळा काढल्या.

१८८२ साली हंटर आयोग आला. वरच्यांना शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल, असं सरकारचं धोरण होतं. जोतिबांनी आयोगापुढे लेखी निवेदन दिलं. सारा भरतो शेतकरी, शिकतात मात्र वरच्यांची पोरं, हा त्यातला सरळ हिशेब. मुलं बारा वर्षांची होईपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, लोकल फंडातला निम्मा पैसा प्राथमिक शाळांना द्या, अशी त्यांची मागणी होती. पण नुसती शाळा उघडून भागत नाही, हेही ते जाणून होते. म्हणून मास्तर शिकवण्यात तयार झालेला हवा, पगार पोटापुरता हवा, नांगर धरणाऱ्या समाजातूनही मास्तर यावेत, हिशेबाबरोबर शेती आणि आरोग्यही शिकवावं, असं त्यांनी मांडलं.

सक्ती काही झाली नाही. १८९० साली जोतिबा गेले. पुढे सयाजीरावांनी १९०६ मध्ये बडोद्यात आणि शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात सक्तीचं शिक्षण आणलं. देशात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. मागणीनंतर तब्बल १२८ वर्षांनी!

आता कायदा आहे, तर हिशेब आपण मागायचा. मुळशीच्या डोंगरातल्या वाडीवर गुरुजी रोज येतात का? चौथीच्या पोराला वाचता येतं का? हार घालून झाला की एकदा शाळेतही डोकावू या.

जय ज्योती! जय भीम!