साप्पोरोची दुसरी बॅच

स्मरणिकेत शाळेच्या आठवणी लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे आहेत. म्हणून संपादक मंडळाची परवानगी घेऊन मी दुसऱ्याच एका वर्गाबद्दल लिहिते आहे. हा वर्ग जपानच्या अगदी उत्तरेला, साप्पोरो या गावी, १८७७ साली भरला. कामानिमित्त जपानी शिकावं लागलं आणि पुढे एका प्रोजेक्टसाठी काही महिने साप्पोरोत राहावं लागलं, तेव्हा या मुलांची गोष्ट कळली. त्यातल्या एकाचं, उचिमुरा कान्झोचं, चरित्र तुम्हांला सांगायचं आहे. पण त्याच्या वर्गमित्रांना बाजूला ठेवून ते सांगताच येत नाही.

उचिमुराचा जन्म १८६१ चा, एदोमधला. म्हणजे आजच्या टोकियोतला. घराणं सामुराई, वडील कन्फ्यूशियसच्या ग्रंथांचे जाणकार. पण मेइजी राजवट आली आणि सामुराईंची वतनं, मानमरातब सगळं गेलं. हा मुलगा लहानपणी विलक्षण देवभोळा होता. वाटेतल्या प्रत्येक देवळासमोर थांबून नमस्कार करायचा, आणि प्रत्येक देवाची प्रार्थना वेगळी. दातदुखीच्या देवाला नवस म्हणून त्याने नासपती खाणं सोडलं होतं. देवळं वाढत गेली तसा शाळेत पोचायला उशीर होऊ लागला. आपल्यापैकी परीक्षेला जाताना तीन गणपती करून जाणाऱ्यांना (नावं घेत नाही) हे चांगलं समजेल.

टोकियोच्या इंग्रजी शाळेत त्याचे दोन जिवलग मित्र झाले, नितोबे इनाझो आणि मियाबे किंगो. साप्पोरोला सरकारने नवीन शेती महाविद्यालय काढलं होतं. शिक्षण, राहणं, जेवण सरकारी खर्चाने. पडझड झालेल्या सामुराई घरांतल्या मुलांना एवढं पुरेसं होतं. १८७७ च्या उन्हाळ्याअखेर तिघं बोटीने होक्काइदोला पोचले. ती कॉलेजची दुसरी बॅच.

पहिल्या बॅचला एक अमेरिकन प्राचार्य लाभले होते, विल्यम क्लार्क. मॅसॅच्युसेट्सच्या शेती महाविद्यालयाचे ते प्रमुख. साप्पोरोत ते आठच महिने होते. मुलांना नीतिशिक्षण द्या, असं सरकारने सांगितलं, तेव्हा बायबलशिवाय आपण दुसरं काही शिकवू शकत नाही असं त्यांनी अधिकाऱ्याला ऐकवलं आणि परवानगी मिळवली. जाण्याआधी, मार्च १८७७ मध्ये, त्यांनी एक करारनामा लिहिला. येशूवर विश्वास ठेवणाऱ्यांचा करार, असं त्याचं नाव. पहिल्या बॅचने त्यावर सह्या केल्या, आणि एप्रिलमध्ये क्लार्क निघून गेले. उचिमुराच्या बॅचने त्यांना पाहिलंही नाही. या मुलांच्या वाट्याला आले ते नुकतेच ख्रिस्ती झालेले, उत्साहाने फुरफुरणारे सीनियर.

त्या सीनियर्सनी नव्या मुलांना एकेकटं गाठायला सुरुवात केली. वर्गातला एकेक जण सही करत गेला. उचिमुरा अडून बसला. देशाच्या देवांना सोडणं म्हणजे देशद्रोह, असं त्याला वाटत होतं. एके दिवशी तो गावच्या देवळात गेला आणि हे परकं वेड लवकर विझू दे, ते पसरवणाऱ्यांना शिक्षा कर, अशी विनवणी त्याने देवाला केली. देवाने काही ऐकलं नाही. डिसेंबर उजाडला तोवर वर्गात तो जवळजवळ एकटा पडला होता, आणि १ डिसेंबर १८७७ ला त्यानेही सही केली. वय सोळा.

हे मला खटकतं, आणि ते लपवून पुढे जाणं बरं नाही. घरापासून इतक्या लांब, हॉस्टेलमध्ये, सगळ्या वर्गाने घेरून एका मुलाची सही घ्यायची, याला आज आपण काय म्हणू? रॅगिंगच म्हणू. स्वतः उचिमुराने पुढे आपण ख्रिस्ती कसे झालो यावर इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं, ते १८९५ मध्ये टोकियोत छापलं गेलं. त्यात त्याने स्वच्छ कबूल केलं आहे की पहिलं पाऊल जबरदस्तीचं होतं, मनाविरुद्धचं होतं. तरी त्याच पुस्तकात पुढे तो सांगतो की सही केल्यावर काही दिवसांत त्याला विलक्षण हलकं वाटू लागलं. असंख्य देवांच्या असंख्य प्रार्थना संपल्या. देव एकच असेल तर सगळ्यांची मर्जी सांभाळत बसायला नको. डोकं मोकळं झालं, पाय मोकळे झाले, तो अभ्यासाला लागला.

२ जून १८७८ ला मेरिमन हॅरिस या मेथडिस्ट मिशनऱ्याने या वर्गातल्या सात जणांना बाप्तिस्मा दिला. प्रत्येकाने नवं नाव निवडलं. नितोबे झाला पौल, मियाबे फ्रान्सिस. हिरोई इसामी नावाचा एक मुलगा होता, तो चार्ल्स. उचिमुराने योनाथान हे नाव घेतलं. बायबलमधल्या दावीदाचा जिवलग मित्र तो योनाथान. संत, प्रेषित, राजे एवढे सगळे उपलब्ध असताना या मुलाने मित्राचं नाव उचललं, ही गोष्ट माझ्या फार लक्षात राहिली.

मग सुरू झाली त्यांची मंडळी. जागा हॉस्टेलची खोली. पाळक कोणी नव्हता, म्हणून दर रविवारी पाळीपाळीने एकाने पाळक व्हायचं. व्यासपीठ म्हणजे पिठाचं रिकामं पिंप, त्यावर ब्लँकेट टाकलेलं. आज ज्याची पाळी तो पिंपामागे, बाकीचे समोर जमिनीवर. पुढच्या रविवारी दुसरा. कोणी वरचा नाही, कोणी खालचा नाही. वाद होत, रुसवेफुगवे होत, प्रार्थना फार लांबली तर डुलक्याही. चार वर्षं हे चाललं. १८८१ च्या जुलैत पदवी मिळाली तेव्हा वर्गात पहिला उचिमुरा होता.

(इथून पुढे त्यांना अहो-जाहो करायला हवं.)

उचिमुरा सरकारी मत्स्यखात्यात लागले. दरम्यान साप्पोरोत एक पेच उभा राहिला. मुलांपैकी काही मेथडिस्ट, काही इंग्लंडच्या चर्चचे, आणि एवढ्याशा गावात दोन चर्च होऊ घातले. ज्यांनी एका पिंपासमोर बसून प्रार्थना केली त्यांना हे पटेना. त्यांनी दोन्ही सोडून आपलं एकच स्वतंत्र चर्च करायचं ठरवलं. पण जागेसाठी मेथडिस्ट मिशनकडून ४०० डॉलर घेतलेले होते, आणि वेगळं व्हायचं तर पैसे परत करा, असं आलं. नुकतीच नोकरी लागलेल्या या पोरांनी पोटाला चिमटा घेऊन १८८२ संपायच्या आत सगळी रक्कम फेडली. ते स्वतंत्र चर्च साप्पोरोत आजही आहे.

पुढची काही वर्षं मी भराभर सांगते. १८८४ मध्ये लग्न, काही महिन्यांत ते मोडलं, त्याच वर्षी अमेरिका. ख्रिस्ती देश म्हणजे पुण्यभूमी असेल या समजुतीने ते गेले आणि तिथली शिवीगाळ, वर्णद्वेष, खिसेकापू पाहून हादरले. पेनसिल्व्हेनियात मतिमंद मुलांच्या संस्थेत त्यांनी सेवकाचं काम केलं. मग ॲमहर्स्ट कॉलेज. तिथले अध्यक्ष ज्यूलियस सीली यांनी त्यांना समजावलं की कुंडीतलं रोप वाढतंय का हे बघायला मूल ते रोज उपटतं, तसं स्वतःला उपटून बघू नकोस. साप्पोरोत जे मित्रांच्या रेट्याने झालं ते इथे, १८८६ मध्ये, त्यांचं स्वतःचं झालं. १८८८ ला ते परत आले.

आणि मग आला ९ जानेवारी १८९१. उचिमुरा तेव्हा टोकियोच्या पहिल्या उच्च माध्यमिक शाळेत शिक्षक होते. देशातली सगळ्यात नावाजलेली शाळा. सम्राटाच्या सहीचा शिक्षणविषयक आदेश शाळेत आला होता, आणि एकेकाने पुढे जाऊन त्यापुढे लवून वंदन करायचं होतं. उचिमुरांचा नंबर तिसरा. विचार करायला वेळच नव्हता. ते पुढे गेले, मान किंचित झुकवली आणि परतले. खोल वाकले नाहीत.

एवढंच. पण विद्यार्थी खवळले, सहकारी खवळले, वर्तमानपत्रांनी देशभर रान उठवलं. हे वंदन म्हणजे पूजा नव्हे, आदर आहे, असा खुलासा झाल्यावर ते वाकायला तयारही झाले होते. पण तोवर न्यूमोनियाने अंथरूण धरलं होतं, म्हणून त्यांच्या वतीने एका सहकाऱ्याने वंदन केलं. त्याचा उपयोग झाला नाही. नोकरी गेली. त्यांची शुश्रूषा करता करता पत्नी काझु आजारी पडली आणि एप्रिलमध्ये वारली. वय तीस, हाताला काम नाही, घरी माणूस नाही, आणि नाव साऱ्या देशात गद्दार म्हणून झालेलं. जपानमधल्या ख्रिस्ती लोकांतही त्यांना दोन्ही बाजूंनी ऐकून घ्यावं लागलं. मान झुकवलीच कशाला म्हणणारे होते, आणि पुरती का झुकवली नाही म्हणणारेही होते.

तेव्हा त्यांना बोलावून घेतलं साप्पोरोने. मियाबे आणि नितोबे दोघंही आता आपल्याच कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांनी मित्राला घरी आणलं, ठेवून घेतलं, बरं होऊ दिलं. देश त्यांच्या नावाने बोटं मोडत असताना हे करणं सोपं नव्हतं, कारण दोघंही सरकारी नोकर होते.

या दुःखातून १८९३ मध्ये एक छोटं पुस्तक आलं. जिवलग माणूस गेल्यावर, देशवासीयांनी टाकल्यावर, चर्चने टाकल्यावर ख्रिस्ती माणसाने धीर कुठून आणायचा, असे त्यातले विषय. मुक्योकाई, म्हणजे चर्चविना, हा शब्द त्यात पहिल्यांदा आला. पुढे याच शब्दाने त्यांची चळवळ ओळखली गेली. पाळक नको, पद नको, सभासदत्वाचं रजिस्टर नको; बायबल घेऊन माणसं जमली की झालं. अभ्यासक याची मुळं कुठे कुठे शोधतात. मला तर त्यात पिठाचं पिंप आणि त्यावरचं ब्लँकेट दिसतं.

पत्रकार म्हणूनही त्यांनी नाव काढलं. आशिओच्या तांब्याच्या खाणीने शेतकऱ्यांच्या जमिनी नासवल्या, त्यावर झोड उठवली. १९०३ मध्ये रशियाशी युद्धाचे वारे वाहू लागले आणि त्यांचं वर्तमानपत्र युद्धाच्या बाजूला गेलं, तेव्हा राजीनामा दिला. १९०० साली सुरू केलेलं बायबल अभ्यासाचं मासिक मात्र शेवटपर्यंत चालवलं, साडेतीनशेहून जास्त अंक. स्वभावाने माणूस तापट, भांडखोर, कुणाशी फार काळ न पटणारा. शिष्य यायचे, दुखावून जायचे. जुन्या वर्गमित्रांशी मात्र संबंध टिकून राहिले.

१९०६ मध्ये नितोबे त्याच पहिल्या उच्च शाळेचे मुख्याध्यापक झाले, जिथून उचिमुरांना घालवून दिलं होतं. मुलं त्यांच्याकडे धर्माबद्दल विचारायला येत. नितोबे त्यांना उचिमुरांच्या घरी पाठवू लागले. १९०९ मध्ये त्या मुलांचा एक गटच रविवारच्या वर्गात दाखल झाला. मला हा प्रसंग वारंवार आठवतो. अठरा वर्षांपूर्वी ज्या शाळेतली मुलं त्यांच्यावर संतापून उठली होती, तिथलीच मुलं आता वह्या घेऊन त्यांच्यासमोर बसली होती. या शाळेतून उचिमुरांकडे आलेल्यांत नांबारा शिगेरु आणि यानाइहारा तादाओ होते. दुसऱ्या महायुद्धानंतर टोकियो विद्यापीठाचे अध्यक्ष झाले ते आधी नांबारा, नंतर यानाइहारा. यानाइहारांनी त्याआधी, १९३७ मध्ये, युद्धाविरुद्ध लिहिल्याबद्दल प्राध्यापकी गमावली होती.

आपल्यात इंजिनीयर बरेच आहेत, म्हणून हिरोईंबद्दल थोडं. हा मुलगा धर्मप्रचारक होणार असं सगळ्यांना वाटत होतं. पण गरीब देशात आधी लोकांच्या पोटाचं बघायला हवं, असं म्हणून तो स्थापत्याकडे वळला. ओतारु बंदराचा धक्का त्यांनी बांधला, समुद्रात थेट काँक्रीटचे ठोकळे रचून. १९०८ ला तो पुरा झाला आणि अजून उभा आहे. काँक्रीट किती वर्षं टिकतं हे पुढच्या पिढ्यांना तपासता यावं म्हणून त्यांनी मसाल्याचे हजारो नमुने करून ठेवले, आणि ते पुढे कित्येक दशकं तपासले जात राहिले. स्वतःचाच दोन वर्षांपूर्वीचा कोड उघडताना माझा हात कापतो.

२ जून १९२८ ला बाप्तिस्म्याला ५० वर्षं झाली. हॅरिस टोकियोत वारले होते आणि आओयामाच्या दफनभूमीत त्यांची कबर होती. तिथे उचिमुरा, नितोबे, हिरोई आणि पहिल्या बॅचचे दोन सीनियर जमले. त्या दिवशीचा फोटो उपलब्ध आहे. पाच म्हातारे. कधीकाळी एकाने दुसऱ्याला सहीसाठी गाठलं असेल, दुसऱ्याने मनातल्या मनात शाप दिले असतील.

चार महिन्यांनी, १ ऑक्टोबरला, हिरोई गेले. त्यांच्या अंत्यविधीत भाषण केलं ते उचिमुरांनी. २८ मार्च १९३० ला उचिमुरा गेले, १९३३ मध्ये कॅनडात नितोबे. मियाबे साप्पोरोतच राहिले, नव्वदी ओलांडून १९५१ पर्यंत. वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी कॉलेजची बाग उभी केली. त्या बागेत त्यांच्या नावाचं छोटं संग्रहालय आहे. योनाथानने आयुष्यभर लिहिलेली पत्रं मियाबेंनी जपून ठेवली होती, म्हणून आज उचिमुरांच्या तरुणपणाबद्दल इतकं कळतं.