कार्श ओटावाकर

आपल्याकडे गाव सोडलेला माणूस गाव आडनावात घेऊन फिरतो. नगरचा नगरकर, साताऱ्याचा सातारकर. युसुफ कार्श यांनी मात्र सोडलेलं नव्हे, तर गाठलेलं गाव नावाला जोडलं. जगभर ते ‘कार्श ऑफ ओटावा’ म्हणून ओळखले गेले. म्हणजे चक्क ओटावाकरच!

जन्म १९०८चा, आजच्या तुर्कस्तानातल्या मार्दिनचा. घराणं आर्मेनियन. कत्तली आणि उपासमार सोसून कुटुंब १९२२ साली जीव मुठीत धरून सीरियात पळालं. पंधरा-सोळा वर्षांच्या युसुफला क्वीबेकमधल्या शेरब्रुकला मामाकडे धाडलं. त्याला व्हायचं होतं डॉक्टर, पण मामा पडला फोटोग्राफर! पुढे बॉस्टनला जॉन गारो यांच्याकडे उमेदवारी झाली आणि १९३२ साली ओटावात स्वतःचा स्टुडिओ. प्रकाशयोजनेचे धडे मात्र इथल्या हौशी नाटकमंडळीत मिळाले. नाटकवेड्या मराठी माणसाला हे लगेच पटेल.

त्यांचा कॅमेरा म्हणजे तिकाटण्यावरचं, भाता असलेलं धूड. आठ बाय दहा इंचांची फिल्म, दर फोटोला नवी. काळ्या कापडाखाली डोकं घालून फोकस करायचा, पण फिल्म सरकवली की काचेवर काही दिसत नाही. मग बाहेर यायचं, शटरची तार हातात धरून कॅमेऱ्याशेजारी उभं राहायचं आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. मला वाटतं, कार्श यांची सगळी कला त्या सक्तीत आहे.

३० डिसेंबर १९४१ रोजी इथल्या पार्लमेंटमधलं भाषण संपवून आलेल्या चर्चिल यांनी नाखुशीनेच एका फोटोपुरता वेळ दिला. तोंडातली सिगार काही निघेना. कार्श पुढे गेले, अदबीने ती काढून घेतली आणि कॅमेऱ्याशी परतले. चर्चिल यांचा चेहरा संतापाने ताठरला, आणि तोच क्षण फिल्मवर उतरला. युद्धातल्या ब्रिटनच्या जिद्दीचं ते चित्र ठरलं. २०१६ साली ते पाच पौंडांच्या नोटेवरही आलं.

ज्या देशाचं नाव त्यांनी असं जगभर नेलं, त्याचं नागरिकत्व त्यांना १९४७ साली मिळालं. १९७३ ते १९९२ त्यांचा स्टुडिओ शॅटो लॉरिए हॉटेलात होता. तिथली चर्चिल यांची मूळ प्रत कुणीतरी पळवून नक्कल लटकवली. २०२२च्या ऑगस्टमध्ये ते उघडकीस आलं आणि नक्कल ओळखली गेली ती खोट्या सहीवरून! मूळ प्रत इटलीत सापडली नि २०२४च्या नोव्हेंबरात ओटावाला परतली.

कार्श २००२ साली बॉस्टनला वारले. दफन मात्र ओटावातच झालं. कॅमेराही इथल्याच विज्ञान-तंत्रज्ञान संग्रहालयाकडे आहे.