बर्नरपलीकडचा बन्सन

शाळेच्या प्रयोगशाळेत ज्याचे नाव पहिल्यांदा कानावर पडते आणि ज्याच्याविषयी त्यापुढे सहसा काहीच ठाऊक होत नाही, असा शास्त्रज्ञ म्हणजे रॉबर्ट विल्हेल्म बन्सन. ‘बर्नर’ हे जणू त्याचे आडनावच होऊन बसले आहे. वास्तविक तो दिवा १८५५ सालचा. हायडेलबर्गच्या नव्या प्रयोगशाळेसाठी काजळी न धरणारी, स्थिर आणि प्रखर ज्योत हवी होती. ती पेटर डेसागा या कुशल कारागिराकडून त्याने तयार करवून घेतली आणि पेटंटच्या भानगडीत तो पडला नाही. पण त्याच्या नऊ वर्षे आधी हाच गृहस्थ एका ज्वालामुखीच्या परिसरात दगड गोळा करीत हिंडत होता. पृथ्वीच्या पोटातून उसळणारा रस नेमका कशाचा बनलेला असतो, हे त्याला तराजूने तोलून पाहायचे होते. बर्नरवाल्या बन्सनविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. हा दुसरा बन्सन मात्र उपेक्षितच राहिला.

त्याचा जन्म १८११ साली जर्मनीतील गटिंगेन येथे झाला. वडील तिथल्याच विद्यापीठात भाषांचे प्राध्यापक आणि ग्रंथपाल होते. विशीच्या आसपास डॉक्टरेट, मग युरोपभर प्रवास, कारखाने आणि खाणी पाहणे, असा त्याचा क्रम होता. १८३४ साली बेर्टहोल्ड या वैद्याच्या साहाय्याने त्याने सोमलाच्या विषावर लोहाच्या संयुगाचा उतारा शोधला. त्यानंतर त्याने हात घातला तो त्याच सोमलापासून होणाऱ्या काकोडिल नावाच्या दुर्गंधी आणि हवा लागताच पेट घेणाऱ्या संयुगांत. एका स्फोटात त्याचा उजवा डोळा कायमचा गेला आणि विषबाधेने तो मरणाच्या दारी जाऊन आला. तरीही काम पुरे करूनच तो त्या विषयातून बाहेर पडला. पुढे कार्बनी रसायनशास्त्राच्या वाटेला मात्र तो फारसा गेला नाही. त्याचा दोष त्याला कोण देईल?

मारबुर्ग विद्यापीठात असताना त्याचे लक्ष लोखंडाच्या भट्ट्यांकडे वळले. भट्टीच्या तोंडातून वायू निघून जातात, त्यांत काय असते? ते मोजण्याच्या पद्धती त्याने स्वतः बसवल्या आणि दाखवून दिले, की निम्म्याहून अधिक उष्णता त्या वायूंबरोबर वाया जाते. इंग्लंडातही लायन प्लेफेअर यांच्यासह त्याने हेच काम केले. धगधगती भट्टी, वितळलेली मळी, वर जाणारे वायू या गोष्टी ज्याच्या रोजच्या परिचयाच्या, त्याला ज्वालामुखी म्हणजे निसर्गाची भट्टी वाटावी यात नवल नाही.

सप्टेंबर १८४५ मध्ये आइसलंडमधील हेक्ला जागा झाला आणि काही महिने धुमसत राहिला. १८४६ साली डेन्मार्क सरकारच्या आश्रयाने निघालेल्या मोहिमेत बन्सन सामील झाला. बरोबर एटनाचा अभ्यासक सार्टोरियस फॉन वाल्टर्सहाउझेन आणि फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ देक्लुआझो होते. खडकांचे तुकडे, झऱ्यांचे पाणी, भेगांतून निघणारी वाफ आणि वायू, जे सापडेल ते त्याने बाटल्यांत भरले.

आधी त्याला गुंतवले ते ग्रेट गायझर या उष्णोदकाच्या कारंज्याने. जमिनीखाली एखादी मोठी पोकळी असून तीत वाफ कोंडते, अशी तेव्हा समजूत होती. बन्सन आणि देक्लुआझो यांनी त्या नळीत, उसळी येण्याच्या आधी, वेगवेगळ्या खोलीवर तापमापके सोडली. तळाशी पाणी १२० अंश सेल्सियसच्याही वर तापलेले, तरी उकळत नव्हते, कारण वरच्या पाण्याचा भार त्याला उकळू देत नव्हता. हेच पाणी जरा वर ढकलले गेले, की भार कमी होतो, ते एकदम उकळू लागते, वरचे पाणी फेकले जाते, आणखी भार हलका होतो आणि सारी नळी उसळते. गुप्त पोकळीची गरजच उरली नाही. ही उपपत्ती त्याचा विद्यार्थी जॉन टिंडल याने पुढे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लोकांपुढे मांडली. ज्वालामुखीच्या स्फोटाचे मर्मही बरेचसे हेच आहे, ते आता पाहू.

घरी परतल्यावर खरे कष्टाचे काम सुरू झाले. एका खडकाचे पृथक्करण म्हणजे तो कुटणे, क्षारांबरोबर वितळवणे, विरघळवणे, एकेक घटक गाळून, जाळून, तोलून घेणे. त्यात दिवसच्या दिवस जात. १८५१ साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केला. आइसलंडच्या खडकांत दोन टोके दिसत होती. एक फिकट, सुमारे ७७ टक्के सिलिका असलेले. दुसरे काळे, सिलिका ४८ टक्क्यांच्या थोडी वर, पण चुना, मॅग्नेशियम आणि लोह यांनी संपन्न. हेक्लाच्या लाव्हासारखे मधले खडक घेतले, तर त्यांतील सिलिकेवरून दोन्ही टोकांचे मिश्रण किती प्रमाणात झाले असेल ते मांडता येई, आणि त्या हिशेबाने बाकीचे घटकही बरेचसे जुळत. दूध आणि पाणी किती मिसळले आहे ते गवळ्याला न विचारता सांगावे, तसाच हा प्रकार. बन्सनने अनुमान काढले, की भूगर्भात शिलारसाची दोन वेगळी कोठारे आहेत आणि बाकी सारे त्यांचे मिश्रण.

सिलिकेच्या या आकड्यांना एवढे महत्त्व का? शिलारसात सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे सूक्ष्म चौफलक असतात. सिलिका जितकी जास्त, तितके ते एकमेकांचे हात धरून जाळे विणतात आणि रस घट्ट होतो. चुना, मॅग्नेशियम, लोह हे ती साखळी तोडतात. म्हणून काळा बेसाल्टी रस ११०० ते १२०० अंशांवर वाहता असतो, तर फिकट रायोलाइटी रस ७०० ते ८५० अंशांवर लाखो पटींनी चिकट. दोहोंतही पाण्याची वाफ आणि इतर वायू विरघळलेले असतात. रस वर येऊ लागला, की गायझरच्या पाण्याप्रमाणे त्याच्यावरचा भार घटतो आणि बुडबुडे सुटतात. चुलीवरच्या चहाचे बुडबुडे मुकाट्याने निघून जातात. पिठले मात्र फटकन फुटून हातावर उडते. बेसाल्ट बहुधा दूरवर पसरतो आणि बसकट पर्वत किंवा सपाट पठारे घडवतो. घट्ट रस तोंडाशीच घुमटासारखा साचतो, नाहीतर स्फोटाने राख होऊन आकाशात जातो.

आपल्या सह्याद्रीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कड्यांत हेच लिहिलेले आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे बेसाल्टचे थर एकावर एक आडवे पडले आहेत. बन्सनच्या काळ्या टोकाचे याहून भव्य उदाहरण शोधायला लांब जायला नको. मुंबईच्या मनोरी-गोराई किनाऱ्यावर मात्र फिकट, सिलिकायुक्त ट्रॅकाइटही सापडतो.

वाहता लाव्हा निरुपद्रवी असतो असे मात्र कोणी समजू नये. बन्सन ज्या देशात फिरला, तिथे १७८३ साली लाकीच्या भेगांतून आठ महिने बेसाल्ट वाहिला. त्यातील विषारी वायूंनी गवत जळाले, गुरे मेली आणि दुष्काळात देशाची सुमारे एकपंचमांश माणसे गेली.

बन्सनच्या दोन कोठारांवर पहिला घाव त्याच्याच सहप्रवाशाने घातला. वाल्टर्सहाउझेनने १८५३ साली मांडले, की भूगर्भातील रस घनतेप्रमाणे थराथरांनी हळूहळू बदलत जातो. दोन कप्पे नाहीतच. एकाच प्रवासातून, जवळजवळ तेच दगड घेऊन दोघे परतले आणि दोन टोकांना गेले! तिकडे डार्विननेही १८४४ साली सुचवले होते, की रस थंडावताना जड स्फटिक खाली बसत असावेत आणि उरलेल्या रसाचा नूर त्यामुळे पालटत असावा. हा धागा विसाव्या शतकात नॉर्मन बोवेनने उचलला. त्याने वॉशिंग्टनच्या प्रयोगशाळेत भट्टीतले रस निवडक तापमानांवर झटकन गोठवून दाखवले, की आधी कमी सिलिकेची खनिजे वेगळी होतात आणि मागे उरलेला रस सिलिकेने गर्द होत जातो. म्हणजे एकाच बेसाल्टातून फिकट खडकापर्यंत पोहोचता येते. १९२८ साली त्याचा ग्रंथ आल्यावर दोन कोठारांची कल्पना जवळजवळ अडगळीत गेली. माझ्या मते तिच्याबरोबर मिश्रणाची कल्पनाही थोडी अन्यायानेच गेली.

बन्सन तोवर केव्हाच दुसरीकडे वळला होता. किर्खहॉफच्या साथीने त्याने वर्णपटाचे शास्त्र उभे केले आणि १८६० साली सीझियम, १८६१ साली रुबिडियम शोधले. त्यासाठी सुमारे ४० टन खनिजयुक्त पाणी आटवले. लग्न त्याने केले नाही. १८८९ साली अध्यापनातून निवृत्त झाल्यावर त्याने पुन्हा भूशास्त्र जवळ केले आणि १८९९ च्या ऑगस्टमध्ये हायडेलबर्ग येथे त्याचे निधन झाले.

त्याच्या हयातीतच, १८७५ साली, आइसलंडच्या आस्क्याचा भीषण स्फोट होऊन राख स्कँडिनेव्हियापर्यंत गेली होती. त्या स्फोटातील प्युमिसमध्ये काळे-पांढरे पट्टे दिसतात. १९७७ साली स्पार्क्स, सिगुर्डसन आणि विल्सन यांनी त्याचा अर्थ लावला : खालून आलेला तप्त बेसाल्ट साचून राहिलेल्या फिकट रसात घुसला, त्याला तापवून वायू मोकळे केले आणि स्फोट घडला. दोन कोठारे पृथ्वीव्यापी नव्हती, एवढेच; मिश्रण मात्र खरे होते.

मार्च २०१० मध्ये एयाफ्यात्लायेकुत्ल या जिभेची परीक्षा पाहणाऱ्या पर्वताच्या कुशीतून बेसाल्टची शांत कारंजी उडाली आणि प्रवासी ती पाहायला जमले. १४ एप्रिलला शिखरावरच्या हिमाखाली स्फोट सुरू झाले. बारीक राखेने युरोपची विमाने जवळजवळ आठवडाभर जमिनीवर खिळवली. ती राख तपासली तेव्हा बेसाल्ट आत शिरून जुन्या, सिलिकायुक्त रसात मिसळल्याच्या खुणा मिळाल्या. सुरुवातीच्या राखेतील सिलिकेचे प्रमाण ५८ टक्क्यांच्या आसपास भरले, म्हणजे बन्सनच्या दोन टोकांच्या मधले.