फ्रेड पेरी

फ्रेडरिक जॉन पेरी (१८ मे, १९०९; स्टॉकपोर्ट, इंग्लंड – २ फेब्रुवारी, १९९५; मेलबर्न, ऑस्ट्रेलिया) हे ब्रिटिश टेनिसपटू व टेबल टेनिसमधील माजी जगज्जेते होते. त्यांनी १९३४, १९३५ आणि १९३६ अशी सलग तीन वर्षे विंबल्डनची पुरुष एकेरी स्पर्धा जिंकली. ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विंबल्डन आणि अमेरिकन या चारही प्रमुख स्पर्धांत एकेरीचे विजेतेपद मिळविणारे ते पहिले टेनिसपटू होत. एकेरीची ८, पुरुष दुहेरीची २ आणि मिश्र दुहेरीची ४ अशी एकूण १४ प्रमुख विजेतेपदे त्यांच्या नावावर आहेत. १९३६ च्या अखेरीस त्यांनी व्यावसायिक टेनिस पत्करले आणि त्यामुळे विंबल्डनची दारे त्यांना बंद झाली. त्यांच्यानंतर विंबल्डनचा पुरुष एकेरीचा ब्रिटिश विजेता होण्यास ७७ वर्षे लागली.

पूर्वायुष्य

पेरी यांचा जन्म उत्तर इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट या सूतगिरण्यांच्या गावी एका कामगार कुटुंबात झाला. त्यांचे वडील सॅम्युएल पेरी हे प्रारंभी सूतगिरणीत काम करीत. पुढे ते सहकारी चळवळीत पडले आणि को-ऑपरेटिव्ह पक्षाचे राष्ट्रीय सचिव झाले. या पदामुळे पहिल्या महायुद्धानंतर पेरी कुटुंब लंडनच्या ईलिंग भागातील ब्रेंथम या वसाहतीत राहावयास गेले. ही वसाहतही सहकारी तत्त्वावर उभारलेली होती आणि रहिवाशांसाठी तेथे खेळाची मैदाने होती. सॅम्युएल पेरी केटरिंग मतदारसंघातून १९२३ व १९२९ मध्ये ब्रिटिश संसदेवर निवडून गेले.

त्या काळी इंग्लंडमधील टेनिस हा मुख्यतः सधन वर्गाचा खेळ होता. नामवंत खेळाडू बहुधा खाजगी निवासी शाळांतून आणि ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज विद्यापीठांतून आलेले असत. पेरी यांचे शिक्षण मात्र ईलिंगच्या साध्या शाळेत झाले. त्यांच्या पुढील आयुष्यातील अनेक घटनांमागे हा सामाजिक भेद उभा होता.

टेबल टेनिसमधील कारकीर्द

पेरी यांना पहिली कीर्ती टेबल टेनिसने मिळवून दिली. जागतिक टेबल टेनिस अजिंक्यपद स्पर्धा १९२६ मध्ये लंडन येथे सुरू झाली होती. (पुढे १९५२ मध्ये ही स्पर्धा प्रथमच आशियात, मुंबई येथे भरली.) १९२९ मध्ये बुडापेस्ट येथे झालेल्या स्पर्धेत पेरी यांनी हंगेरीच्या मिक्लोश साबादोश यांना त्यांच्याच देशात हरवून एकेरीचे जगज्जेतेपद मिळविले. त्या वेळी ते १९ वर्षांचे होते. त्यानंतर त्यांनी टेबल टेनिस सोडले व वडिलांच्या पाठिंब्याने पूर्ण वेळ टेनिसला दिला.

टेबल टेनिसची सवय टेनिसमध्ये त्यांच्या कामी आली. चेंडू टप्पा घेऊन वर येत असतानाच तो मारण्याची कला त्यांनी दीर्घ सरावाने आत्मसात केली. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला सावरण्यास वेळ मिळत नसे. धावत जाऊन मारलेला फोरहँड हा त्यांचा सर्वांत प्रभावी फटका होता. शारीरिक तयारीकडे त्या काळातील हौशी खेळाडू फारसे लक्ष देत नसत. पेरी मात्र आर्सेनल या फुटबॉल संघाच्या खेळाडूंबरोबर व्यायाम करीत. पाच सेटच्या सामन्यांत याचा त्यांना मोठा लाभ झाला.

हौशी कारकीर्द

१९३० च्या विंबल्डन स्पर्धेत पेरी यांनी इटलीचे मानांकित खेळाडू उंबेर्तो दे मॉर्पुर्गो यांचा पराभव केला. या विजयानंतर ब्रिटिश टेनिस संघटनेने परदेश दौऱ्यासाठी त्यांची निवड केली. १९३१ मध्ये त्यांच्या सहभागाने ब्रिटनचा संघ डेव्हिस चषकाच्या आव्हान फेरीपर्यंत पोहोचला. तेथे फ्रान्सने त्याचा ३–२ असा पराभव केला.

दोन वर्षांनी, १९३३ मध्ये, पॅरिसमध्ये रोलाँ गारोच्या मैदानावर ब्रिटनने फ्रान्सला ३–२ असे हरविले. पेरी यांनी आँरी कोशे यांच्याविरुद्धचा सामना जिंकला आणि नंतर आंद्रे मेर्लँ यांना नमवून निर्णायक गुणही मिळवून दिला. १९१२ नंतर प्रथमच हा चषक ब्रिटनकडे आला. १९३४, १९३५ व १९३६ मध्येही तो ब्रिटनकडेच राहिला. पेरी आणि बनी ऑस्टिन हे त्या संघाचे एकेरीतील दोन आधारस्तंभ होते. डेव्हिस चषकात पेरी यांनी खेळलेल्या ५२ सामन्यांपैकी ४५ जिंकले.

त्याच वर्षी अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पेरी यांची गाठ ऑस्ट्रेलियाच्या जॅक क्रॉफर्ड यांच्याशी पडली. क्रॉफर्ड यांनी त्या वर्षातील इतर तिन्ही प्रमुख स्पर्धा जिंकल्या होत्या. पहिल्या तीन सेटनंतर पेरी मागे होते. परंतु शेवटचे दोन सेट ६–०, ६–१ असे जिंकून त्यांनी आपले पहिले प्रमुख एकेरी विजेतेपद मिळविले. १९३४ च्या आरंभी ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या अंतिम सामन्यातही त्यांनी क्रॉफर्ड यांनाच हरविले.

विंबल्डनमधील विजय

१९३४ च्या विंबल्डन अंतिम सामन्यात पेरी यांनी क्रॉफर्ड यांचा ६–३, ६–०, ७–५ असा पराभव केला. १९०९ मध्ये आर्थर गोर यांनी मिळविलेल्या विजेतेपदानंतर पुरुष एकेरी जिंकणारे ते पहिले ब्रिटिश खेळाडू ठरले. त्याच स्पर्धेत डोरोथी राउंड यांनी महिला एकेरी जिंकल्यामुळे ब्रिटिश प्रेक्षकांचा आनंद द्विगुणित झाला. भारतीय टेनिसच्या दृष्टीनेही ही स्पर्धा महत्त्वाची ठरली. मुंबईच्या लीला राव यांनी महिला एकेरीच्या पहिल्या फेरीत विजय मिळविला. विंबल्डनमध्ये सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. संस्कृत लेखिका पंडिता क्षमा राव या त्यांच्या मातोश्री.

प्रेक्षकांनी पेरी यांना डोक्यावर घेतले, तरी यजमान ऑल इंग्लंड क्लबच्या काही पदाधिकाऱ्यांना एका सूतगिरणी कामगाराच्या मुलाचा हा विजय रुचला नाही. सामन्यानंतर पेरी स्नानगृहात असताना क्लबचा एक सदस्य बाहेर पराभूत क्रॉफर्ड यांना शॅम्पेनची बाटली देऊन, योग्य खेळाडू जिंकला नाही, अशा आशयाचे बोलत असल्याचे त्यांच्या कानी पडले. विजेत्याला मानद सदस्यत्वाची खूण म्हणून मिळणारा क्लबचा टाय खुर्चीच्या पाठीवर नुसता टाकून ठेवलेला होता. समारंभपूर्वक अभिनंदन करण्यास कोणीही आले नाही. हा प्रसंग पेरी अखेरपर्यंत विसरले नाहीत.

१९३५ मध्ये पेरी यांनी जर्मनीच्या गॉटफ्रीड फॉन क्राम यांना हरवून फ्रेंच स्पर्धा जिंकली व चारही प्रमुख विजेतेपदांचे वर्तुळ पूर्ण केले. त्या वर्षीच्या व १९३६ च्या विंबल्डन अंतिम सामन्यांतही त्यांचे प्रतिस्पर्धी फॉन क्राम हेच होते. १९३६ चा सामना पेरी यांनी ६–१, ६–१, ६–० असा पाऊण तासाच्या आतच संपविला. फॉन क्राम यांना या सामन्यात दुखापतीने ग्रासले होते. सप्टेंबर १९३६ मध्ये अमेरिकेच्या डॉन बज यांना पाच सेटमध्ये हरवून पेरी यांनी तिसऱ्यांदा अमेरिकन स्पर्धा जिंकली. हे त्यांचे अखेरचे प्रमुख विजेतेपद ठरले.

व्यावसायिक टेनिस

त्या काळच्या नियमांनुसार विंबल्डनसह सर्व प्रमुख स्पर्धा व डेव्हिस चषक केवळ हौशी खेळाडूंसाठी खुले होते. हौशी खेळाडूला प्रवास व निवासाचा खर्च मिळे. खेळाचा मोबदला घेता येत नसे. ज्यांच्या घरी संपत्ती होती त्यांना हे परवडत असे. पेरी यांच्यापाशी वडिलोपार्जित उत्पन्न नव्हते. १९३६ च्या अखेरीस त्यांनी व्यावसायिक करारावर सही केली. ऑल इंग्लंड क्लबने त्यांचे मानद सदस्यत्व काढून घेतले आणि ज्या मैदानावर त्यांनी सलग तीन विजेतेपदे मिळविली होती, तेथे खेळण्याचा त्यांचा हक्क संपला.

६ जानेवारी, १९३७ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सतरा हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर पेरी यांनी एल्सवर्थ वाइन्स यांच्याविरुद्ध पहिला व्यावसायिक सामना जिंकला. त्यानंतर हे दोघे गावोगाव फिरून एकमेकांशी खेळत राहिले. बंदिस्त सभागृहांत कापडी पृष्ठभाग अंथरून मैदान तयार केले जाई. सामना संपला की ते गुंडाळून पुढच्या गावी नेले जाई. अमेरिकेतील या पहिल्या दौऱ्यात वाइन्स यांनी ३२, तर पेरी यांनी २९ सामने जिंकले. पेरी यांनी १९३८ व १९४१ मध्ये अमेरिकन व्यावसायिक अजिंक्यपद मिळविले. १९४१ च्या अखेरीस खेळताना पडल्यामुळे त्यांच्या कोपराला गंभीर इजा झाली आणि पहिल्या दर्जाचा खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द संपुष्टात आली.

पेरी यांच्या जाण्याचा परिणाम ब्रिटनला तात्काळ जाणवला. १९३७ मध्ये अमेरिकेने विंबल्डन येथेच ब्रिटनचा ४–१ असा पराभव करून डेव्हिस चषक नेला.

उत्तरायुष्य

पेरी यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या हवाई दलात सेवा केली. त्यांचे चार विवाह झाले. पहिला विवाह १९३५ मध्ये अभिनेत्री हेलन व्हिन्सन यांच्याशी, तर चौथा १९५२ मध्ये बार्बरा यांच्याशी झाला. हा अखेरचा विवाह आयुष्यभर टिकला. १९४९ मध्ये ऑल इंग्लंड क्लबने त्यांना पुन्हा सदस्यत्व बहाल केले.

ऑस्ट्रियाचे माजी फुटबॉलपटू टिबी वेग्नर यांच्यासमवेत त्यांनी खेळाच्या कपड्यांचा व्यवसाय सुरू केला. १९५२ मध्ये बाजारात आलेला, छातीवर पर्णमुकुटाचे चिन्ह असलेला त्यांचा सदरा पुढे ब्रिटनमधील तरुणांच्या पेहरावाचा भाग बनला. ज्यांनी पेरी यांना खेळताना कधी पाहिले नाही, अशा पिढ्यांनाही त्यांचे नाव या सदऱ्यामुळे परिचित झाले. बीबीसी रेडिओवरील समालोचक म्हणूनही ते अनेक वर्षे विंबल्डनला उपस्थित राहत.

१९६८ मध्ये विंबल्डन व्यावसायिकांसाठी खुले झाले. १९७५ मध्ये पेरी यांचा आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. पहिल्या विजेतेपदाला ५० वर्षे झाली त्या निमित्ताने १९८४ मध्ये विंबल्डनच्या आवारात शिल्पकार डेव्हिड विन यांनी घडविलेला त्यांचा पूर्णाकृती पुतळा उभारण्यात आला. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९९५ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेसाठी ते मेलबर्नला गेले असता तेथील हॉटेलात पडून जखमी झाले व २ फेब्रुवारी रोजी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी विंबल्डन येथील पुतळ्याजवळ ठेवण्यात आल्या.

वारसा

पेरी यांच्यानंतर ब्रिटिश टेनिसप्रेमींची दीर्घ प्रतीक्षा सुरू झाली. जानेवारीतील ऑस्ट्रेलियन स्पर्धेपासून सप्टेंबरमधील अमेरिकन स्पर्धेपर्यंत आपल्या खेळाडूंचा हंगामभर मागोवा घेणाऱ्या चाहत्यांसमोर दरवर्षी पेरी यांचेच नाव येई. १९३८ मध्ये बनी ऑस्टिन विंबल्डनच्या अंतिम सामन्यात पराभूत झाले. महिलांमध्ये अँजेला मॉर्टिमर (१९६१), ॲन जोन्स (१९६९) व व्हर्जिनिया वेड (१९७७) यांनी विजेतेपद मिळविले. पुरुषांत मात्र यश हुलकावणी देत राहिले. ग्रेग रुसेडस्की १९९७ मध्ये अमेरिकन स्पर्धेचा अंतिम सामना हरले. टिम हेनमन यांनी १९९८ ते २००२ या काळात चार वेळा विंबल्डनची उपांत्य फेरी गाठली. तिकीट न मिळालेले चाहते आवारातील उतारावर बसून मोठ्या पडद्यावर त्यांचे सामने पाहत. त्या उताराला हेनमन यांचेच नाव पडले.

स्कॉटलंडचे अँडी मरे यांनी ही प्रतीक्षा संपविली. २०१२ मध्ये त्यांनी अमेरिकन स्पर्धा आणि ७ जुलै, २०१३ रोजी विंबल्डन जिंकले. २०१५ मध्ये ब्रिटनने बेल्जियमला हरवून १९३६ नंतर प्रथमच डेव्हिस चषकही परत मिळविला.