पालीचा ध्यास घेतलेले धर्मानंद कोसंबी

विहारात आम्ही रोज पाली गाथा म्हणतो, पण त्या पालीपायी घर सोडून निघालेल्या माणसाची आठवण क्वचितच काढतो. धर्मानंद कोसंबी हे १८७६ साली गोव्यातील साखवाळ गावी जन्मले. शाळा बेताचीच, घरची नारळाची बागायत बघायची. 'बालबोध मेवा' या लहान मुलांच्या मासिकात त्यांनी भगवान बुद्धांचे चरित्र वाचले आणि मन तिथेच गुंतले. १८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी. पुढे संसार जुळला, पण मधली सहा-सात वर्षे त्या माउलीने कशी काढली असतील? ही गोष्ट आम्हाला बोचते, म्हणून झाकून ठेवत नाही.

काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बुद्धधम्म सापडेल म्हणून नेपाळात गेले, तिथे निराशाच झाली. अखेर १९०२ साली सिलोनमध्ये विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी त्यांना पाली मिळाली. नंतर ब्रह्मदेशही झाला.

कलकत्त्याची दरमहा २५० रुपयांची नोकरी सोडून त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे ५० रुपये पत्करले. अट होती, महाराष्ट्रात राहायचे! १९१२ पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. पुढे मुंबईत परळच्या कामगार वस्तीत 'बहुजन विहार' उभा केला.

४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला त्यांनी देह ठेवला. अमेरिकेत हार्वर्डला जाऊन ज्या 'विसुद्धिमग्ग' ग्रंथाच्या संपादनावर ते खपले, तो तिथून छापून निघाला १९५० साली.