टे नदीवरचा पूल आणि सर थॉमस बाउच

ज्या पुलाने थॉमस बाउच यांना ‘सर’ हा किताब मिळवून दिला, त्याच पुलाने पुढे सहा महिन्यांत त्यांचे नाव धुळीस मिळवले. १८२२ साली इंग्लंडमधील कंबरलंड परगण्यात जन्मलेल्या या अभियंत्याची ख्याती होती ती स्वस्त बांधणीची. छोट्या रेल्वे कंपन्यांना असाच माणूस हवा असे. १८५० मध्ये त्यांनी फोर्थ खाडीतून मालगाडीचे डबे नेणारी नौका सुरू केली; त्यांचा बीला येथील उंच पूल शंभर वर्षे टिकला. म्हणजे हा माणूस अडाणी नव्हता.

स्कॉटलंडमधील डंडी शहराजवळ टे नदीवर जवळजवळ दोन मैलांचा पूल उभारताना मात्र गणित फसले. तळाशी खडक आहे असे समजून विटांचे भक्कम खांब योजले होते. प्रत्यक्षात तो कठीण खडीचा पातळ थर निघाला. म्हणून बाउच यांनी पायावरचा भार कमी करण्यासाठी बिडाचे पोकळ खांब घेतले. बीड दाब सोसते, ताण सोसत नाही. तरीही खांबांना जोडणाऱ्या तिरप्या पट्ट्या अडकवल्या त्या खांबाबरोबरच ओतलेल्या बिडाच्या कानांत. पुढे झालेल्या चाचणीत हे कान अपेक्षित भाराच्या सुमारे एक-तृतीयांशातच तुटले. ओतशाळेने पोकळ्या मेण, राळ आणि लोखंडाच्या किसाच्या लुकणाने बुजवल्या होत्या. देखरेख करणाऱ्याला विटांचे काम कळे, लोखंडाचे नव्हे. सैल पट्ट्यांत त्याने लोखंडी तुकडे ठोकले आणि ते बाउच यांना कळवलेही नाही. सर्वांत मोठी चूक वाऱ्याची. त्याच्या दाबासाठी आराखड्यात वेगळी तरतूदच नव्हती.

२८ डिसेंबर १८७९ च्या रविवारी, वादळी संध्याकाळी, मधले तेरा उंच गाळे धावत्या गाडीसह नदीत कोसळले. एकही प्रवासी वाचला नाही.

चौकशी मंडळाने पुलाची आखणी, बांधणी आणि देखभाल तिन्ही सदोष ठरवल्या. अध्यक्ष रॉथरी यांनी मुख्य दोष बाउच यांच्याच माथी ठेवला; उरलेल्या दोन सदस्यांनी कोणा एकावर ठपका ठेवणे टाळले. ओतशाळेचा हलगर्जीपणा पाहता ते पटते. पण बिडाच्या कानांवर ताण टाकण्याचा आणि वारा न मोजण्याचा निर्णय बाउच यांचाच होता.

फोर्थवरील त्यांच्या झुलत्या पुलाचे कामही रद्द झाले. ३० ऑक्टोबर १८८० रोजी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. फोर्थवर पुढे दुसऱ्या अभियंत्यांनी उभारलेला पूल दर चौरस फुटाला ५६ पौंड वाऱ्याचा दाब धरून बांधला गेला.