रूझवेल्टना नक्की काय झालं होतं?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोडला जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा आमच्या भिवपुरीतही बायका पाणी उकळून प्यायला लागल्या. मला मात्र अमेरिकेचे फ्रँकलिन रूझवेल्ट आठवले.

जन्म १८८२ चा, घर श्रीमंत. ऑगस्ट १९२१ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, सुट्टीत ताप आला आणि दोन-तीन दिवसांत दोन्ही पाय लुळे पडले. एका नावाजलेल्या डॉक्टरांनी मालीश करायला सांगितलं! पाच मुलांची आई असलेल्या एलिनॉरबाई रात्रंदिवस ते करत राहिल्या. मग निदान झालं पोलिओचं. पाय काही परत आले नाहीत, तरी हा माणूस चार वेळा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. १९४५ मध्ये ते गेले.

२००३ मध्ये काही डॉक्टरांनी जुनी लक्षणं ताडून पाहिली आणि तो जीबीएस असावा, असं मांडलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही.

पोलिओत विषाणूच नसांच्या पेशी मारतो. जीबीएसमध्ये ताप किंवा जुलाब होऊन गेल्यावर आपलीच प्रतिकारशक्ती उलटते. काही जंतूंच्या अंगावरची साखर आपल्या नसांवरच्या साखर-चरबीच्या थरासारखी असते. चोरासारखा शर्ट घातला म्हणून घरच्याच माणसाला मार बसावा, तसं होतं.

आज यावर इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं आहेत, रक्तातला प्लाझ्मा बदलता येतो. पण पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केलं तर गुण जास्त. रूझवेल्टच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. आणि आमच्याकडे जुलाबानंतर पाय लटपटायला लागले, की अजूनही आधी तेलाची वाटीच गरम होते.